मेरवालच्या मठाचे आभार

आभार मानायचं काम मंडळात कुणालाच नको असतं, आणि त्यात काही चूक नाही. व्याख्यान संपलेलं असतं, लोकांच्या नाकात मसालेभाताचा वास शिरलेला असतो, पोरं खुर्च्यांखाली लोळत असतात, आणि अशा वेळी एक माणूस उठून साउंडवाल्यापासून केटररपर्यंत सगळ्यांचे आभार मानायला लागतो. त्याचं कोण ऐकतंय? म्हणूनच प्रमिला दिघेने आपणहून फोन करून सांगितलं की मार्चमधल्या व्याख्यानाचे आभार मी मानते, तेव्हा मंडळाची सेक्रेटरी हेमाचा आधी विश्वासच बसेना. मग म्हणाली, "अगं, तुझ्या तोंडात साखर पडो!" साखर! प्रमिलाच्या तोंडात तेव्हा काय होतं ते हेमाला कळलं असतं तर तिने फोन तिथल्या तिथे ठेवला असता.

व्याख्याते होते पुण्याचे डॉक्टर धनंजय पानवलकर. विषय होता फ्रान्समधल्या मेरवाल शहरातल्या एका जुन्या मठाचा इतिहास. आता दुबईतल्या मराठी माणसाला शुक्रवारी, ऐन सुट्टीच्या सकाळी, फ्रान्समधल्या मठाचं काय पडलंय, असं तुम्ही विचाराल. काही पडलेलं नव्हतं. पण पानवलकरांच्या पुस्तकाला पारितोषिक मिळालं होतं, पेपरात फोटो आला होता, आणि पारितोषिकवाला माणूस म्हटला की आमचं मंडळ तिकीट काढून मोकळं होतं. मग त्याने मठावर बोलावं की मठ्ठ्यावर, कोण विचारतो?

आणि ते पुस्तक प्रमिलाचं होतं.

म्हणजे कव्हरवर नाव धनंजयचंच. पण आतली मेहनत, आतली वाक्यं, आतला मठाचा दगड न् दगड प्रमिलाचा. दोघं पुण्यात एम.ए.ला एका वर्गात, एकाच सरांच्या हाताखाली. धनंजय बोलण्यात पटाईत, प्रमिला वाचण्यात. तिने हट्टाने फ्रेंच शिकून घेतली, शिष्यवृत्ती मिळवली आणि वर्षभर मेरवालला जाऊन राहिली. सकाळी तिथल्या दफ्तरखान्यात जुने कागद, दुपारी कॅमेरा गळ्यात अडकवून मठाच्या पडक्या भिंती. परत आली तेव्हा तिच्याकडे टिपणांची आणि स्लाइड्सची मोठाली खोकी होती. आणखी काही महिने तिथे काढले की प्रबंध पुरा, असं सर म्हणाले होते. तेवढ्यात गुणवंत दिघ्यांचं स्थळ आलं. जबल अलीला एका मोठ्या वेअरहाऊस कंपनीत मॅनेजर, शारजात फ्लॅट, नाव ठेवायला जागा नाही. बघण्याच्या कार्यक्रमातच तिने स्पष्ट सांगितलं, "लग्नानंतर मला एकदा तिकडे परत जावं लागेल." गुणवंत म्हणाला, "जरूर. मला काहीच हरकत नाही." तिला तो माणूस तिथेच आवडला.

मग शारजा, मग लगेच ईश्वरीच्या वेळेचे डोहाळे, मग बाळंतपण, मग शाळा. खोकी पुण्यात वडिलांच्या घरी माळ्यावर. वडील गेले, तेव्हा ती घर आवरायला गेली तर माळा रिकामा. रद्दीत गेलं असेल, असं तिने धरून चाललं. आणि पुढे एका मे महिन्याच्या सुट्टीत पुण्याच्या पुस्तक प्रदर्शनात तिने ते पुस्तक उचललं, उभ्या उभ्या पहिलं पान वाचलं आणि तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. 'ते वाळवंट शोधायला निघाले होते, आणि शहर त्यांच्या मागोमाग चालत आलं.' हे वाक्य तिने मेरवालमध्ये, थंडीने काकडत, बोटं फुंकून फुंकून लिहिलं होतं!

कसं झालं असेल ते तिने मनाशी जुळवून घेतलं. धनंजय तिच्या वडिलांकडे यायचा-जायचा. म्हाताऱ्याला थाप मारली असेल, प्रमिलाने मागितलीत म्हणून, आणि खोकी उचलली असतील. आयत्या बिळावर नागोबा! वडिलांना विचारायची सोय राहिली नव्हती. खोकी नाहीत, म्हणजे पुरावा नाही. गुणवंत म्हणाला, "सोडून दे. कोर्टात जाणार आहेस का? लोक हसतील." तिने तोंडाने सोडलं. मनात मात्र डूख धरला तो धरलाच. पाच वर्षं ती शारजातल्या, अल मजाजच्या त्या फ्लॅटमध्ये पोळ्या लाटता लाटता धनंजयला लाटत होती. खोटं कशाला सांगू, लाटताना तिला बरंही वाटायचं.

त्या पुस्तकातलं एकच प्रकरण तिचं नव्हतं. 'उंबरठा आणि पादत्राणे' असं त्याचं नाव. मेरवालचे साधू मठाच्या चर्चमध्ये अनवाणी जात, दारात पादत्राणं काढून ठेवत, आणि आजही तिथे येणारे भाविक तसंच करतात. पूर्व आणि पश्चिम इथे एका उंबरठ्यावर भेटतात, वगैरे वगैरे. पारितोषिक म्हणे याच प्रकरणाच्या जोरावर मिळालं. प्रमिलाला कळेना, हे याने आणलं कुठून? ते साधू थंडीच्या मुलखातले. चर्चमध्ये बूट घालूनच जायचे, रात्रीच्या प्रार्थनेसाठी वेगळे उबदार जोडे असायचे. अनवाणी? कुणी सांगितलं याला?

व्याख्यानाच्या आदल्या दिवशी, गुरुवारी, गुणवंत जेवताना म्हणाला, "ते आभाराचं काम हेमालाच करू दे ना. तुला कशाला नसती उठाठेव?"

"का? मी बोललेली तुम्हाला लाज वाटते?"

"तसं नाही. पण तू काहीतरी बोलून बसशील. रामचंद्र नाडकर्णी आमचे क्लायंट आहेत, मंडळाचे अध्यक्ष आहेत, पहिल्या रांगेत बसणार. माझा विचार कर जरा."

"तुमचाच विचार करून तर इतकी वर्षं गप्प बसले."

"मग आणखी एक दिवस बस. खलास करून टाक ना हा विषय."

"उद्याच करते खलास."

ईश्वरीने टीव्हीवरची नजर न हलवता म्हटलं, "मॉम, डॅड, कॅन यू गाइज फाइट आफ्टर माय शो?" गुणवंतने पुढचा घास घेतला नाही. ताट तसंच ठेवून बाल्कनीत जाऊन उभा राहिला. प्रमिलाला वाटलं, भित्रा आहे बिचारा. माणूस वाईट नाही, पण भित्रा.

तिने काय ठरवलं होतं? फार काही नाही. सरळ उभं राहायचं आणि माइकवर सांगायचं, हे काम माझं आहे, या माणसाने चोरलं. लोक हसले तर हसले, वेडी म्हणाले तर म्हणाले. एकदा, फक्त एकदा, चारचौघांत ते वाक्य तिला स्वतःच्या आवाजात ऐकायचं होतं.

शुक्रवारी सकाळी बर दुबईतल्या एका शाळेच्या हॉलमध्ये बऱ्यापैकी गर्दी होती. पुढे साड्या आणि सूट, मागे जबल अलीच्या कामगार कॅम्पातून कंपनीच्या बसने आलेली आमची कोकणातली, खानदेशातली मंडळी. त्यांना व्याख्यानाशी देणंघेणं नव्हतं. त्यांना श्रीखंडाशी होतं, आणि का नसावं?

धनंजय दारातच भेटला. केस पांढरे, पोट पुढे, पण हसू तेच. "अरे प्रमिला! किती वर्षांनी! अजिबात बदलली नाहीस हं तू." डोळ्याला डोळा भिडवून, अगदी मोकळेपणाने. चोराने निदान खाली तरी बघावं! याला ना खंत ना खेद. टॅक्सीला चाळीस दिरहॅम झाले, म्हणजे आपले पाचशे रुपये, बापरे, असं म्हणून वर हसलाही. गुणवंत गाडी पार्क करून आला तो धनंजयला न भेटताच तिसऱ्या रांगेत जाऊन बसला.

हेमाने परिचय करून दिला. नाडकर्णींनी शाल, श्रीफळ, पुष्पगुच्छ दिले. दिवे मंद झाले आणि तय्यबने प्रोजेक्टर सुरू केला. तय्यब हा हॉलचा माणूस, रत्नागिरीकडचा. मंडळाच्या प्रत्येक कार्यक्रमाला मशीन त्याच्याच हातात.

पहिली स्लाइड पडद्यावर आली आणि प्रमिलाने खुर्चीचा हात घट्ट धरला. तिचीच स्लाइड! नदीच्या पुलावरून घेतलेली मठाची भिंत, मागे शहराची घरं. दुसरी तिची, तिसरी तिची. धनंजय बोलत होता आणि फार छान बोलत होता, हे कबूल करायला हवं. बाराव्या शतकात पांढऱ्या झग्याचे सिस्टर्शियन पंथाचे साधू मेरवालच्या वेशीबाहेरच्या दलदलीत येऊन राहिले. नियम कडक. बोलायचं नाही, हातांनी खुणा करायच्या. रंगीत काच नको, कोरीवकाम नको, उंच मनोरा नको. देवाला सजावट लागत नाही, घाम लागतो. त्यांनी दलदल कोरडी केली, कालवा खणला, गिरणी बसवली. मग शहर वाढत वाढत आलं, वेस पुढे सरकली, आणि एकांत शोधायला आलेले साधू भर बाजारपेठेत सापडले. लोक हसले. दुबईत राहणाऱ्या माणसाला हे निराळं समजवायला लागत नाही. काल जिथे वाळू होती तिथे आज सिग्नल असतो. ते सगळं प्रमिलाचं होतं. हसू येणारी ती जागासुद्धा तिचीच होती.

"आणि आता," धनंजयने आवाज खाली आणला, "माझ्या संशोधनातला मला सर्वात प्रिय असा क्षण."

स्लाइड बदलली. चर्चचं मोठं पश्चिम दार, आतून बाहेर बघताना. छप्पर केव्हाच गेलेलं, आत गवत, आणि दारातून आडवं पडलेलं ऊन. उंबरठ्याच्या दगडावर, एका कडेला, एक चपलांचा जोड.

"बघा," धनंजय म्हणाला. "आठशे-नऊशे वर्षं उलटली. साधू गेले, छप्पर गेलं. पण दारात पादत्राणं काढायची प्रथा उरली आहे. कुणा अनाम भाविकाची ही पादत्राणं. आपल्या देवळाबाहेर दिसतात तशी. माणूस सगळीकडे एकच, हो की नाही?"

टाळ्या! काय टाळ्या पडल्या! नाडकर्णींनी तर मान डोलावून "वाहवा" म्हटलं.

प्रमिला टाळ्या वाजवत नव्हती. ती त्या चपलांकडे बघत होती. अगं बाई! तिच्याच त्या. लक्ष्मी रोडवरून घेतलेल्या कोल्हापुरी. जून महिना होता, ऊन चांगलं पडलं होतं, म्हणून बूट खोलीवर ठेवून तिने त्या घातल्या होत्या. चर्चच्या दाराशी आली, आणि मनात कसलाही विचार न येता, सवयीने, पायातून काढून आत गेली. देवाचं घर म्हटल्यावर चपला बाहेर, एवढंच डोक्यात बसलेलं. गवतात अनवाणी उभी राहून तिने दाराचा फोटो घेतला. त्यात चपला आल्यात हे तिच्याही ध्यानात आलं नव्हतं. आणि या विद्वानाने त्यांच्यावर एक अख्खं प्रकरण लिहिलं! त्याच्या जोरावर पारितोषिक घेतलं!

तिला एकदम हसू फुटलं. शेजारची बाई दचकून बघायला लागली. प्रमिलाने पदर तोंडाला लावला, पण हसू थांबेना. आणि हसता हसता आत जे पाच वर्षं उकळत होतं ते थंड, घट्ट, धारदार होत गेलं. आता वेडी कोण म्हणणार होतं तिला? देवाने पुरावा पडद्यावर आणून ठेवला होता, तोही चांगला आठ फुटी.

व्याख्यान संपलं. मागच्या रांगेतून भांड्यांचा आवाज यायला लागला. हेमाने घाईघाईने पुकारलं, "आभारप्रदर्शन, सौभाग्यवती प्रमिला दिघे." निम्मे लोक उठायच्या बेतात.

"मी दोनच मिनिटं घेणार आहे," प्रमिला म्हणाली. हे वाक्य म्हणणारा माणूस कधीच दोन मिनिटं घेत नाही हे सगळ्यांना माहीत असतं. "सर्वप्रथम मी डॉक्टर पानवलकरांचे आभार मानते. माझ्या चपला त्यांनी इतकी वर्षं जपून ठेवल्या."

हॉलमध्ये कुणाला काही कळलं नाही. एकदोघं हसले.

"तय्यबभाई, ती दाराची स्लाइड परत लावता का? आणि जरा फोकस करा. उजवी चप्पल. बघा सगळ्यांनी. अंगठा तुटलाय तिथे सेफ्टी पिन लावलेली आहे. मेरवालमध्ये कोल्हापुरी दुरुस्त करणारा चांभार मिळत नाही हो, म्हणून मीच लावली होती. हा फोटो मी काढलाय. आज दाखवलेला प्रत्येक फोटो मी काढलाय. सर मेरवालला कधी गेलेलेच नाहीत. गेले असते तर त्यांना कळलं असतं की तिथले साधू बूट घालून चर्चमध्ये जायचे, आणि त्या उंबरठ्यावर चपला काढणारी आजवरची एकमेव भाविक म्हणजे पुण्याची एक बावळट मुलगी."

तय्यबने फोकस केला. पिन चमकली. आता मात्र जे उभे होते ते खाली बसले.

धनंजयच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं नव्हतं, पण ते आता नुसतं तिथे राहिलं होतं. मांडीवर नारळ, खांद्यावर शाल. उठून जाता येईना, बसवेना. प्रमिलाने ते डोळे भरून बघून घेतलं.

"आणि सरांनी एक गोष्ट सांगायची टाळली," ती म्हणाली. "कारण ती माझ्या टिपणांत अर्धवट होती. मी सांगते. त्या मठात दोन प्रकारचे लोक होते. एक साधू, ते वाचायचे, गायचे. आणि दुसरे कामकरी भाऊ, दाढीवाले. कालवा त्यांनी खणला, दगड त्यांनी वाहिले, शेतं त्यांनी कसली. त्यांना वाचायला शिकायची बंदी. चर्चमध्ये त्यांची जागा आडभिंतीच्या मागे. त्यांचं दार वेगळं, जेवायची खोली वेगळी, यायला-जायला वेगळी बोळकांडी. सरांच्या पुस्तकात लिहिलंय की ते 'आनंदाने सेवा करीत'. आनंदाने! एका हिवाळ्यात मठाधिपतीने त्यांचा वाईनचा वाटा बंद केला आणि साधूंचा चालू ठेवला. मग काय केलं त्यांनी? काही नाही. मारामारी नाही, आरडाओरडा नाही. कालव्याचं दार त्यांनीच बसवलं होतं, ते त्यांनी बंद केलं आणि चावी घेऊन शेतावर निघून गेले. स्वयंपाकघरात पाणी नाही, गिरणी बंद. आणि माफ करा, जेवणाची वेळ आहे, पण संडासाखालून वाहणारं पाणीही बंद. आणि साधूंना तर बोलायची बंदी! सगळे नुसते नाकं धरून एकमेकांना खुणा करतायत."

मागच्या रांगांत हशा उसळला. कॅम्पातली माणसं तर खुर्च्यांवर हात आपटत होती. "बरी जिरवली!" कुणीतरी ओरडलं.

"जिरवली," प्रमिला म्हणाली. "पण पुढे मठाच्या इतिहासात सगळ्या मठाधिपतींची नावं आहेत. कालवा खणणाऱ्यांचं एकाचंही नाही. काम एकाने करायचं आणि नाव दुसऱ्याने लावायचं, ही प्रथा मात्र खरीच जुनी आहे. आणि पूर्वेकडे अन् पश्चिमेकडे, दोन्हीकडे आहे. या प्रथेवर सरांनी एक प्रकरण जरूर लिहावं."

तिचा आवाज शेवटी कापला. कापू दे. तिने ते वाक्य म्हटलं होतं, आणि ते म्हणताना छातीवरून कुणीतरी धोंडा उचलल्यासारखं झालं होतं. सूड गोड असतो हो. नाही म्हणणाऱ्याने कधी घेतलेला नसतो.

तेवढ्यात धनंजय उठला. नारळ टेबलावर ठेवून त्याने दुसरा माइक घेतला. तो रागावला असेल असं लोकांना वाटलं, पण त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता. गोंधळलेला दिसत होता बिचारा, खरोखरच.

"प्रमिला, फोटो तुझे, टिपणं तुझी, मी नाही कुठे म्हणतोय? चपलांचा मूर्खपणा माझा, तोही कबूल. पण चोर म्हणू नकोस. मला वाटलं, तुला माहीत आहे."

"काय माहीत आहे?"

"खोकी मी आणली नाहीत तुझ्या घरून. तुझे यजमान घेऊन आले होते. तुझी मुलगी व्हायची होती तेव्हा, ते एकटेच पुण्याला आले होते. रिक्षातून माझ्या खोलीवर आणून ठेवली. म्हणाले, तिला आता यात रस नाही, तुम्ही पुरं करा. मी विचारलं, नाव? तर म्हणाले, तिचं नाव कुठेही नको, आभारातसुद्धा नको. म्हणाले, नाव दिसलं की परत जायचं खूळ पुन्हा डोक्यात येईल. मला वाटलं, दोघांचं ठरलंय." त्याने प्रेक्षकांकडे हात केला. "विचार ना त्यांना. ते बसलेत समोर."

सगळ्या माना तिसऱ्या रांगेकडे वळल्या.

प्रमिलाने विचारलं नाही. विचारायची गरजच नव्हती. गुणवंत बुटांकडे बघत बसला होता. बारा वर्षं बाजूला झोपलेला माणूस, पाच वर्षं "सोडून दे" म्हणणारा माणूस. ती धनंजयच्या नावाने कढत राहिली आणि हा शेजारी बसून ते ऐकत राहिला, चहा पीत राहिला, "लोक हसतील" म्हणत राहिला. कुंपणानेच शेत खाल्लं होतं, आणि ती गावभर चोर शोधत हिंडत होती. आणि बघण्याच्या कार्यक्रमातलं ते "जरूर, मला काहीच हरकत नाही"? तेही खोटं! पहिल्या दिवसापासून खोटं!

पोरंही खुर्च्यांखालून बाहेर येऊन बघायला लागली. हेमा कोपऱ्यातून हातानेच सांगत होती, आवर, आवर. गुणवंतने एकदा वर बघितलं आणि मान किंचित हलवली, नको म्हणून.

प्रमिलाने माइक नीट धरला. पदर सारखा केला.

"माझे आभार अजून संपलेले नाहीत," ती म्हणाली, आणि आता आवाज अजिबात कापत नव्हता. "हॉल दिल्याबद्दल शाळेचे आभार. ध्वनी आणि प्रोजेक्टरसाठी तय्यबभाईंचे आभार. श्रीखंड गार आहे, त्याबद्दल केटररचे आभार. अध्यक्ष नाडकर्णीसाहेबांचे आभार. आणि सर्वात शेवटी, ज्यांच्याशिवाय हे पुस्तक, हे पारितोषिक आणि आजचा हा कार्यक्रम होऊच शकला नसता, ते माझे पती, श्री. गुणवंत दिघे. त्यांनी कृपया मंचावर यावं. हेमा, एक शाल जास्तीची असते ना तुझ्याकडे?"

मंडळात सत्काराला नाव पुकारलं की माणसाला उठावंच लागतं. नाडकर्णी समोर, क्लायंट समोर, सगळा दुबईचा मराठी समाज समोर. गुणवंत उठला. पायऱ्या चढून वर आला. हेमा रडकुंडीला येऊन शाल घेऊन पुढे झाली, पण प्रमिलाने ती तिच्या हातातून घेतली आणि स्वतः त्याच्या खांद्यावर घातली, नीट, दोन्ही बाजू सारख्या करून. टेबलावरचा नारळ हातात दिला. मागच्या रांगेतल्या ज्यांना नीट ऐकू गेलं नव्हतं, त्यांनी सवयीने टाळ्या वाजवल्या. फोटोग्राफर म्हणाला, "सर, इकडे बघा, स्माइल."

"आणि एक आनंदाची घोषणा," प्रमिला माइकवर म्हणाली. "श्री. दिघ्यांनी मला लग्नाआधी एक शब्द दिला होता. तो ते आता पाळत आहेत. पुढच्या महिन्यात मी मेरवालला जाते आहे, माझं काम पुरं करायला. तिकीट ते काढतील, ईश्वरीची शाळा आणि डबे ते बघतील. हो ना हो?"

माइक तिने त्याच्या तोंडासमोर धरला. दोन्ही हातांत नारळ, अंगावर शाल, आणि तीनशे माणसं त्याच्या तोंडाकडे बघतायत. जी गोष्ट टाळायला त्याने एवढा उपद्व्याप केला होता, तीच गोष्ट त्याला स्वतःच्या तोंडाने कबूल करायची होती.

"हो," गुणवंत म्हणाला.

या वेळी टाळ्या पुढून वाजल्या, बायकांच्या रांगेतून, आणि थांबेचनात. त्या गडबडीत तो तिच्याकडे झुकला. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"सहा महिन्यांच्या आत ये हं," तो हलकेच म्हणाला. "नाहीतर इथला व्हिसा रद्द होतो. प्रमिला, परत येशील ना?"

तिने माइक बंद करून टेबलावर ठेवला. दुबईत ज्या कामाचा काही भरवसा नसतो, त्या कामाबद्दल ऑफिसातले लोक काउंटरवरून हसून जो शब्द ऐकवतात, तोच तिने त्याला हसून ऐकवला.

"इन्शाल्ला," ती म्हणाली, आणि जेवायला निघून गेली.